पाठ उबेत, तोंड बर्फात

ओन्नी राउतिओचा ट्रॅक्टर घराच्या वाटेच्या तोंडाशीच अडकला होता. पुढं लावलेला, बर्फ उडवायचा ब्लोअर बर्फाच्या बांधात रुतला होता, मागची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि त्यांच्याखाली बर्फाची काच तयार होत होती. आवाज जवळजवळ नव्हताच. पेट्रोलचं इंजिन अशा वेळी निदान बोंब तरी मारतं. हा विजेचा ट्रॅक्टर मुकाट्यानं हरत होता, आणि ओन्नीला त्याचाच जास्त राग येत होता.

बांध घातला होता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ट्रकनं. रस्ता साफ करणारा ट्रक पातं तिरकं धरून जातो, सगळा बर्फ उजव्या अंगाला लोटतो आणि वाटेत ज्याचं दार लागेल त्याच्या तोंडावर कमरेएवढा ढीग टाकून पुढं निघून जातो. थोड्या वेळात तो ढीग दगडासारखा होतो. हे ओन्नीला कुणी शिकवायला नको होतं. निवृत्त होईपर्यंत तो ट्रक तोच चालवत होता.

"कसं वाटतंय, ओन्नी?"

शेजारची हिल्मा कांगास आपलं खोरं ढकलत आली. सुपासारखं रुंद, पत्र्याचं खोरं आणि त्याला दोन्ही हातांनी धरायची वाकडी दांडी. ऐंशी उलटलेली ही बाई त्यात बर्फ भरून तो कधी उचलत नसे. पोट लावून ढकलायची आणि घसरवत न्यायची.

"आयुष्यभर माझ्या दारात असले डोंगर टाकलेस," ती म्हणाली. "आता चव बघ."

"बघतोय."

"उतर खाली. मी काढते."

"तू काढायचं नाहीस आणि मीही काढायचं नाही. यानं काढायचंय."

"त्याला सांगितलंयस का तसं?"

ओन्नीनं ट्रॅक्टर मागं घ्यायचा प्रयत्न केला. चाकं फिरली. समोरच्या पट्टीवरचे बॅटरीचे हिरवे दिवे एकेक करून विझत गेले, शेवटचा पिवळा झाला आणि ट्रॅक्टर गप्प झाला.

"झोपला," हिल्मा म्हणाली. "दमलं असेल लेकरू."

पानगळ सुरू झाली तेव्हा ओन्नीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी फावडं, खोरं आणि मागून ढकलायचा जुना पेट्रोलचा ब्लोअर, तिन्ही बंद केली. मुलगी डार्लीन दक्षिणेला, गाडीनं दिवसभराच्या वाटेवर राहते. ऑपरेशननंतर ती महिनाभर इथं होती. जाताना तिनं आवाज न चढवता सांगितलं, "बाबा, मी भांडत नाही. वाट बुजलेली असली तर ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येणार नाही. आणि तुम्ही हातानं वाट काढायला गेलात तर ॲम्ब्युलन्स लागेलच. यातून तुम्हीच मार्ग सांगा."

मार्ग तिनंच काढला. बसून चालवायचा, दोरी न ओढता सुरू होणारा विजेचा बागेतला ट्रॅक्टर तिनं आणि जावयानं पाठवला, पुढं बर्फ फेकायचा ब्लोअर लावून. ठरलं असं, की हेइक्कीच्या दिवसापर्यंत वाट यंत्रानं उघडी राहिली तर ओन्नी आपल्या घरात राहील. नाही राहिली तर तो तिच्या शहरात जाईल, तिच्या घरापासून जवळच्या फ्लॅटमध्ये. हेइक्कीचा दिवस येतो जानेवारीच्या शेवटी. त्या दिवशी गुहेतलं अस्वल कूस बदलतं आणि अर्धा हिवाळा सरतो. तोवर जो टिकला तो पुढंही टिकतो, असं मोठ्या सरोवरात घुसलेल्या कीविनॉच्या या टोकाला सगळे धरून चालतात.

ओन्नी हो म्हणाला होता. आता डिसेंबर उजाडला होता, मोठ्या सरोवरावरून रोज नवा बर्फ येत होता, आणि ट्रॅक्टर झोपला होता.

घर ओन्नीच्या बापानं बांधलं. खाणीतून सुटल्यावर रोज थोडं थोडं. पण घराआधी बांधला सौना, वाफेत आंघोळ करायची दोन खोल्यांची झोपडी, जसा इथं सगळे बांधत. पहिला हिवाळा आईबाप सौनाच्या बाहेरच्या खोलीत राहिले, आणि ओन्नी आतल्या खोलीत जन्मला, तापलेल्या दगडांच्या शेजारी. आई वारली तेव्हा तिला तिथंच आंघोळ घातली. ओन्नीची बायको एल्मा हॉस्पिटलात गेली, पण जायच्या आधीच्या शनिवारीही ती त्याच बाकावर बसली होती. बाकाच्या कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत.

ओन्नी शाळेतून सुटला तो जंगलात लाकूडतोडीला गेला, आणि लग्न झाल्यावर काउंटीच्या ट्रकवर चढला. कामाबद्दल त्याचं म्हणणं एवढंच होतं, की एकच बर्फ दोनदा हलवायचा नाही. जिथं टाकायचा तिथं पहिल्याच फेरीत टाकायचा. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं याला वैतागायची. पातं एक वीत आत राहिलं तरी तो ट्रक थांबवून खाली उतरायला लावायचा. "बघ. उद्या हाच बर्फ गोठेल आणि तुलाच परत खरवडावा लागेल. आज आळस केलास की उद्या दुप्पट काम." त्या पोरांपैकी डेल आता तोच ट्रक त्याच रस्त्यावर चालवतो.

ट्रॅक्टरच्या मागं ओन्नी तसाच हात धुऊन लागला. चाकांवर साखळ्या चढवल्या. मागच्या बाजूला वजनासाठी वाळूच्या लांबट पिशव्या बांधल्या. चाकं धरू लागली. मग कळलं की खरी अडचण बॅटरीची आहे. गॅरेजमध्ये गोठणारी थंडी. रात्रभर चार्जर लावून ठेवला तरी सकाळी लाल दिवा. गारठलेली बॅटरी वीज घेतच नव्हती, आणि जी होती तीही अर्ध्या वाटेवर संपायची. घराच्या दारातून ट्रॅक्टर आत येत नव्हता. तळघराला पायऱ्या होत्या. बॅटरी ट्रॅक्टरच्या बुडाशी बोल्टांनी बसवलेली आणि लोखंडाच्या ऐरणीएवढी जड. ती काढणं म्हणजे फावड्यापेक्षा वाईट.

शुक्रवारी तो सौनासाठी लाकडं न्यायला गेला आणि बाहेरच्या खोलीत उभा राहून दाराकडे बघत राहिला. ही खोली कपडे काढून ठेवायची. आतल्या भट्टीनं तीही ऊबदार होते. जमीन दगडी, सपाट. सौना वाटेच्या कडेलाच. दार मात्र ब्लोअरला वीतभर कमी पडत होतं.

त्यानं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि चौकट एका अंगानं कापली. सावकाश, मधून मधून बसून, पण करवत सरळ ठेवून.

शनिवारी संध्याकाळी हिल्मा टॉवेल आणि वेलदोड्याच्या पावाची पिशवी घेऊन नेहमीसारखी आली. आधी बायकांचा नंबर, मग पुरुषांचा. बायकांत आता ती एकटीच उरली होती. दाराच्या जागी लटकलेली घोंगडी बाजूला करून ती आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"ओन्नी. आत कोण आहे?"

"बॅटरीला ऊब लागते."

"माझे कपडे टांगायच्या खुंटीखाली तो बसलाय."

"त्याला डोळे नाहीत."

"दिवे आहेत. मोठाले दोन." ती चौकटीवरून हात फिरवत होती. कापलेलं लाकूड पांढरं, ताजं दिसत होतं. "तुझ्या बापानं ही चौकट कुऱ्हाडीनं घडवली होती. दारू प्यायलेला माणूससुद्धा सौनात शिरताना आवाज खाली आणतो. आणि तू आत यंत्र घेतलंस."

"बाहेरच्या खोलीत घेतलंय. आत नाही."

"वरच्या बाकावर बसव ना मग. भूर्जाच्या डहाळ्यांनी पाठ झोडून दे. रक्त खेळतं अंगात."

पण ती आत गेली. निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तोंड लालबुंद होतं आणि राग थोडा उतरला होता. "चार्ज होतोय," तिनं जाता जाता सांगितलं. "हिरवा दिवा लागलाय. मी बघितलं."

रविवारी सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. ओन्नीनं घोंगडी सारली. सगळे दिवे हिरवे होते. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं. तो ट्रॅक्टरवर बसला, बाहेर आला आणि ब्लोअर बर्फात घातला.

पहिल्या दहा पावलांवर बर्फ छान उडाला. मग उडणं कमी झालं. मग बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यातून ओला गोळा आला, आणि नंतर काहीच आलं नाही. ओन्नीनं ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरून पाहिलं. ब्लोअरचं लोखंड रात्रभर सौनाच्या वाफेत तापलं होतं. बर्फ त्याला लागताच वितळला, चिकटला, आणि वाऱ्यानं तिथल्या तिथं गोठला. फिरकी आणि नळकांडं एकाच बर्फाच्या लादीत जाम झाली होती. बॅटरी भरलेली, आणि हलत काही नव्हतं.

त्यानं काठीनं टोचून पाहिलं. गरम पाणी आणायचा विचार केला आणि सोडला. तेही गोठलं असतं. मग त्याचा संयम सुटला. गॅरेजच्या भिंतीला त्याचं जुनं खोरं टेकून होतं. त्यानं ते घेतलं आणि बांधाकडे निघाला.

तीन खेपा बऱ्या गेल्या. चौथ्या खेपेला छातीत काही दुखलं नाही, पण श्वास पुरेना. हात जड झाले. तो खोऱ्याच्या काठावर बसला आणि टोपी काढली. इतक्या थंडीत डोक्यावरून वाफ निघत होती.

हिल्मा आली तेव्हा तो तसाच बसला होता. या वेळी तिनं टोमणा मारला नाही. आपलं खोरं त्याच्याजवळ आडवं टाकलं आणि त्यावर बसली.

"डार्लीनचा फोन येतो मला," ती म्हणाली. "बुधवारी."

"माहीत आहे."

"ती विचारते, बाबा खोऱ्याला हात लावतात का? आजवर मी नाही म्हणत आले, कारण तू लावत नव्हतास."

"या बुधवारी काय सांगशील?"

"विचारलं तर खरं सांगेन. तिच्याशी खोटं बोलल्याचं ओझं तू मेल्यावर मला झेपणार नाही." ती उठली. "आणि विचारायच्या आत काही शहाणपणाचं केलंस, तर तेही सांगेन."

ओन्नी घरात गेला. कॉफी केली आणि खिडकीत बसला. वाटेच्या मध्ये ट्रॅक्टर गोठून उभा होता. राग निवळल्यावर त्याला काउंटीची शेड आठवली. तिथं कुणी ट्रक आत घेत नसे. पातं कायम बाहेर, थंडच ठेवायचं. इंजिनाला मात्र विजेची शेगडी लावलेली असायची. तापलेलं पातं बर्फाला लावायचं नाही, हे त्यानं डेलला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आणि इथं त्यानं अख्खं यंत्र एक जीव समजून सौनात कोंबलं होतं. ऊब हवी होती बॅटरीला. लोखंडाला थंडीच हवी होती.

बॅटरी बसायच्या जागेखाली, मागच्या बाजूला. ब्लोअर पुढं.

दुपारी डेलला ट्रक थांबवावा लागला, कारण त्याचा जुना मुकादम रस्त्याच्या कडेला उभा होता.

"काका, तुम्ही बाहेर कशाला? तब्येत बरी आहे ना?"

"हा ट्रॅक्टर सौनापर्यंत ओढून दे. शेपूट आधी आत जाईल असा."

डेलनं साखळी लावली. ट्रॅक्टरचं बूड घोंगडीतून आत गेलं, ब्लोअर बाहेर बर्फात राहिला. डेल मागं सरकून बघत राहिला. "काका, हे असं दिसतंय, की कुणीतरी पार्श्वभाग शेकत बसलंय."

"तेच करतोय तो."

"तुमच्या दारात पातं जरा उचलू का? बांध पडणार नाही."

"आणि उचललेला बर्फ कुठं पडेल?"

डेलनं रस्त्याकडे पाहिलं. पुढचं दार हिल्माचं होतं.

"तसलं काही करायचं नाही," ओन्नी म्हणाला. "तू सरळ जा."

त्यानं ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला फळ्या उभ्या केल्या, फटींत जुन्या घोंगड्यांचे तुकडे कोंबले. ब्लोअरवरचा बर्फ थंडीत कोरडा झाल्यावर लाकडी हातोडीनं टिपून सोडवला; अख्खी लादी सुटून आली. मग हिल्मानं नवऱ्याच्या जुन्या स्कीजचं मेण आणून दिलं. "त्याच्या काही कामाचं नाही आता," म्हणाली. बर्फ चिकटू नये म्हणून ओन्नीनं ते नळकांड्याला आतून चोळलं.

बुधवारी फोन आला. डार्लीननं विचारलं आणि हिल्मानं सांगितलं, खोऱ्याचं आणि नव्या युक्तीचं, दोन्ही सांगितलं. संध्याकाळी डार्लीननं ओन्नीला फोन केला. फार बोलली नाही. "हेइक्कीच्या दिवशी येते," एवढंच म्हणाली. बोलणं इतकं थोडक्यात आटपलं, तेव्हा ओन्नीला समजलं, की खोऱ्याचं तिला कळलंय आणि ती त्याला न्यायच्या तयारीनंच येणार.

पुढचे दिवस तो कामाला असल्यासारखा जगला. सौनात रोज थोडी आग, शनिवारसारखी मोठी नाही, खोली गोठू नये एवढीच. बर्फ वीतभर साचला की बाहेर पडायचं, गुडघाभर व्हायची वाट बघायची नाही. ट्रॅक्टर घास मोठा घ्यायला लागला की चाकं सुटत, म्हणून अर्ध्या रुंदीनं जायचं. वाट दोन गाड्यांची होती, ती त्यानं एका गाडीची केली. सोडून देणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्या अर्ध्या वाटेवर बर्फ वाढत गेला, आणि तिच्याकडे बघताना त्याला पहिले दिवस अंगावर कपडे कमी असल्यासारखं वाटायचं.

बांधावरही उपाय निघाला. ट्रकवर असताना तो या रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत असे, की दाराच्या आधी, ज्या बाजूनं ट्रक येतो त्या बाजूला, रस्त्याच्या कडेचा एक मोठा खण रिकामा करून ठेवा. पात्यापुढचा बर्फ त्या खणात पडेल आणि दाराशी पोचेपर्यंत पातं रिकामं होईल. कुणी केलं नाही. खुद्द त्यानंही आपल्या दारात कधी केलं नव्हतं. अंगात जोर होता, पेट्रोलचा ब्लोअर होता, गरज काय? आता त्यानं तो खण काढला, थोडा थोडा करून, तीन चार्जमध्ये. पुढच्या सकाळी डेल गेला. दारात फक्त घोट्याएवढा बर्फ उरला होता. ट्रॅक्टरनं तो एका फेरीत उडवला.

हिल्मा बघत होती. "इतकी वर्षं आम्हाला सांगत होतास ते खरंच होतं की काय?"

"खरंच होतं."

"तू सांगायचास त्या सुरात कोण ऐकणार?" म्हणाली आणि आपल्या दाराकडे निघाली. मग थांबली. "माझ्यासाठी पण काढ एक खण. तुझ्या त्या लेकराला झेपत असेल तर."

सौना रोज ऊबदार असायचा, तेव्हा ती रोज येऊ लागली. वाफ नसली तरी कॉफी घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची, पाठ ट्रॅक्टरच्या चाकाला टेकवून. यंत्र आत आणल्याबद्दल पुन्हा काही बोलली नाही.

हेइक्कीच्या आदल्या दिवशी सरोवरावर ढग उतरले आणि बर्फ आडवा यायला लागला. रेडिओवर म्हणत होते, प्रवास टाळा. हेइक्कीच्या दिवशी पहाटे ओन्नीनं डार्लीनला फोन लावला, पण ती निघाली होती.

सकाळपासून तो बाहेर पडायचा, एक चार्ज संपवायचा, ट्रॅक्टरचं बूड घोंगडीत घालायचा आणि स्वतः चाकाशेजारी बसायचा. दोघांचं एकदमच भरायचं. दुपारी वारा फिरला आणि साफ केलेल्या वाटेवर बाजूच्या अर्ध्या वाटेचा बर्फ वाहून आला. सोडून दिलेला बर्फ उलटला होता. जागेवर बसूनच त्यानं शिवी दिली आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. एकच बर्फ दोनदा. दाराजवळ येईपर्यंत शेवटचा दिवा पिवळा झाला होता. आता चार्ज व्हायला वेळ नव्हता, आणि रस्त्यावरून डेलचा ट्रक येताना दिसत होता.

खोरं भिंतीला होतं. ओन्नीनं त्याच्याकडे पाहिलं. छाती ठीक होती, हात ठीक होते. एवढंसं तर काम, कुणाला कळलंही नसतं.

तो जागचा हलला नाही. ट्रक गेला. बर्फ खणात पडला, तरी वादळाचा बर्फ जास्त होता. मांडीएवढा बांध दारात राहिलाच. ओन्नी ट्रॅक्टर मागं घेत सौनात गेला, चार्जर लावला आणि बसून राहिला.

डार्लीनची गाडी आली ती बांधापाशी थांबली. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून ती बांधावरून चढून आत आली. सौनाच्या फटींतून उजेड येत होता. तिनं घोंगडी सारली.

"बाबा?"

"बस. अजून दोन दिवे भरायचेत."

तिनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, भिंतीच्या खुंटीवर टांगलेल्या कोरड्या हातमोज्यांकडे पाहिलं. "तुम्ही खोरं घेतलं नाहीत."

"नाही."

"बांध समोर असताना."

"बांध पळून जात नाही. हे भरलं की काढतो."

ती त्याच्या शेजारी बसली. अंगावरचा कोट काढला नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मी पोचेन तेव्हा तुम्ही बाहेर खोरं ढकलत असाल. वाटेत मी तेच बोलणं पाठ करत होते."

"मग बोल."

"आता काय बोलू?"

दिवे भरले. ओन्नी उठत होता, तर ती आधी चढून बसली. "मला दाखवा."

ती बाहेर निघाली आणि सरळ बांधात घुसली. चाकं सुटली. ओन्नी बाजूला उभा राहून ओरडला नाही, फक्त हातानं दाखवलं: मागं घे, अर्धाच घास घे, कडेनं खा. तिनं दुसऱ्यांदाही जास्तच घेतलं. तिसऱ्यांदा बर्फ उडाला आणि वाऱ्यानं उलटून तिच्याच तोंडावर आला. ती तोंड पुसत हसली. बांध चार वेळा मागंपुढं करून निघाला. मग तिनं आपली गाडी आत आणली, सरळ घराच्या पायऱ्यांपर्यंत.

गाडीची डिकी उघडली तर आत घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी होती, दोऱ्यानं बांधलेली. सामान भरायला आणलेली. दोघांनी ती एकाच वेळी पाहिली.

"परत नेते," डार्लीन म्हणाली. "आमच्या गॅरेजमध्ये ठेवते. पुढच्या वर्षी हेइक्कीला परत बघू. कबूल?"

ओन्नीनं खोकी हातानं चाचपून पाहिली. चांगल्या जाड पुठ्ठ्याची होती.

"कबूल," तो म्हणाला. "कोरड्या जागी ठेव. ओली झाली तर दुसऱ्यांदा कामाला येणार नाहीत."